तीन बुश वाढले, चौथा भरला

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला दोन दिवस उरलेले असताना नवरीची गाडी आमच्या अंगणात विटांवर उभी होती. ती तशी उभी करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बाळकुमला राहत होतो. आता तिथे लोक लिफ्टने घरी जातात, तेव्हा ते सरळसरळ गाव होतं. आमचं घर कौलारू, पुढे अंगण, आणि वारा खाडीकडून सुटला की सुक्या मासळीचा वास थेट देवघरापर्यंत यायचा. घोडबंदर रोडवर एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत माणूस चहा पिऊन येऊ शकायचा. (ही अतिशयोक्ती आहे. पण त्याच रस्त्यावर आता रोज तासभर अडकणाऱ्या माणसाला ती करण्याचा हक्क आहे.)

गाडी अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. अण्णा शाळेत गणिताचे मास्तर. सुधा सहा वर्षांची असताना एकदा अण्णा आम्हा दोघांना सायकलवरून घेऊन चालले होते, मी मागे कॅरियरवर आणि सुधा पुढे दांडीवर. शेजारून फुलांनी मढवलेली गाडी गेली, आत नवरी. सुधाने विचारलं, "अण्णा, मी लग्नात कशातून जाणार?" अण्णा चढावर धापा टाकत होते. तशा अवस्थेत त्यांनी उत्तर दिलं, "माझ्या गाडीतून."

सुधा हे विसरली. मी विसरलो. पण गणिताच्या मास्तरांना हातचा धरलेला आकडा विसरता येत नाही. सोळा वर्षांनी अण्णा निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात अंगणात गाडी येऊन उभी राहिली. मुंबईत तेव्हा ज्या गाड्यांच्या टॅक्सी धावायच्या त्याच जातीची, फक्त पांढरी. आम्ही तिचे बहुधा तिसरे मालक. आधीचे दोघे फार भांडखोर असावेत, कारण आपटून आपटून तिची दारं खिळखिळी झाली होती. अण्णांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. ते रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायचे आणि सुधाचं लग्न ठरायची वाट बघायचे.

लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, कार्यालयही डोंबिवलीचं, मुहूर्त शनिवारी सकाळचा. गाडीला एकच खोड होती. मागचं डावं चाक खड्ड्यात गेलं की कुणीतरी माळ्यावरून लोखंडी पेटी खाली टाकावी तसा आवाज यायचा, आणि बाळकुम ते डोंबिवली हा रस्ता खड्डे एकमेकांना जोडूनच केलेला होता. अण्णा एवढंच म्हणाले, "व्याह्यांच्या दारात हा आवाज नको रे."

मी गाडी ठाण्याला गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाट्याचा बुश गेलाय."

मागच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची एक कमान असते, तिला म्हणतात पाटा. तिच्या टोकाला एक भोक असतं. त्या भोकात रबराचं जाडजूड कडं दाबून बसवलेलं असतं, तो बुश. रबर झिजलं की लोखंडावर लोखंड आपटतं. एवढंच शास्त्र आहे, आणि एवढ्या शास्त्रावर मी पुढचे दोन दिवस काढले.

"सोमवारी आणा," गॅरेजवाला म्हणाला.

"शनिवारी लग्न आहे."

"मग लग्नानंतर आणा. आणि साहेब, घरी हात नका लावू. हा बुश लई जिद्दी असतो."

इथे त्याचं चुकलं. तो 'घरीच करा, सोपं आहे' म्हणाला असता तर मी घरी जाऊन झोपलो असतो.

मी कोलशेतच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कुठलं मशीन किती वाजता चालू झालं आणि किती वाजता बंद पडलं हे मला तोंडपाठ असे. ते चालतं कसं, हा प्रश्न माझ्या खात्यात येत नव्हता. तरीही कारखान्यात काम करतो म्हटल्यावर घरातले मला मेकॅनिक समजत, आणि हळूहळू मीही समजायला लागलो होतो. पाटा काढायचा, बुश बसवायचा, पाटा लावायचा. कामं तर तीनच होती.

स्पेअर पार्टच्या दुकानात मी एक बुश मागितला. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या गॅरेजला बसवताय?"

"घरीच."

त्याने काउंटरवर चार ठेवले. "एक गाडीचा," तो म्हणाला, "तीन तुमचे."

गुरुवारी सकाळी मी कामाला लागलो. मदतीला दामूमामा. हे आमच्या आईचे धाकटे भाऊ, लग्नासाठी गावाहून आलेले. अत्यंत आज्ञाधारक माणूस. त्यांना 'हे धरा' म्हटलं की 'सोडा' म्हणेपर्यंत धरून बसत. आई जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणून घरात लग्नाची सगळी सूत्रं आत्याच्या हातात. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिच्यापुढे अण्णासुद्धा पाढे चुकायचे.

पाटा काढायला दोन तास लागले. जुना बुश काही निघेना. तेव्हा तो जाळून काढायचं मी ठरवलं. काळाकुट्ट धूर निघाला आणि नुकत्याच घातलेल्या मांडवात जाऊन बसला. शेजारचे नाना कोळी पाण्याची बादली घेऊन धावत आले, सगळा प्रकार बघितला आणि म्हणाले, "होडीला चाकं नाय, ते एक बरं हाय." बादली मात्र त्यांनी जाताना तिथेच ठेवली.

आत्या ओट्यावर आली. "मंगलकार्य आहे घरात. हा कसला होम मांडलायस?"

"आत्या, पाटा काढलाय."

"कुणी सांगितलं तुला? मी आत्ता घासून ठेवलाय तो. उद्या पुरण वाटायचंय त्याच्यावर."

"तुझा नाही. गाडीचा."

"गाडीला पाटा कशाला लागतो?" असं म्हणून आत्या आत गेली. त्या क्षणी मी जर शहाणा असतो तर पुढचं संकट तिथेच ओळखलं असतं.

नवा बुश भोकाच्या तोंडाशी ठेवला आणि लक्षात आलं, की भोक लहान आहे आणि बुश मोठा. म्हणजे तो तसाच असावा लागतो, दाबून बसला तरच टिकतो. पण त्याला दाबायचं कसं? तेल लावलं. मग साबण लावला. मग हातोडा मारला. रबर ते रबरच, हातोडा बसला की बुश टुणकन उडायचा. दोनदा तुळशीवृंदावनात पडला. तिसऱ्यांदा खिडकीतून आत गेला आणि पुरणासाठी भिजत घालायला काढलेल्या डाळीत जाऊन बसला. आत्याने डाळ बदलली आणि माझ्याशी बोलायचा सूरही बदलला. चौथ्या घावाला बुशच्या कडेचा लचका निघाला. दुपारपर्यंत दुसऱ्याची तीच गत झाली.

मग मला सुचलं, की आमच्या कारखान्यात असले भाग दाबून बसवायची प्रेस आहे आणि तिथले फिटर माझ्या ओळखीचे आहेत. पण मी लग्नासाठी रजा टाकलेली. गेटवर दिसलो असतो तर साहेबांनी 'आलाच आहात तर' म्हणून संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं असतं. म्हणून मी मामांना पाठवायचं ठरवलं. उरलेल्या दोनपैकी एक बुश पाट्याच्या भोकात तारेने बांधून ठेवला आणि चिठ्ठी लिहिली: 'पाटा पाठवत आहे. तातडीने काम करून द्यावे. घरी लग्न आहे.'

"मामा, भिंतीला पाटा टेकवून ठेवलाय, तो सायकलवर बांधा आणि कोलशेतला आमच्या गेटवर ही चिठ्ठी दाखवा. तिथली माणसं बघतील काय ते."

मामा "बरं" म्हणाले. मी हातपाय धुतले आणि आत जाऊन जो आडवा झालो तो संध्याकाळपर्यंत.

मामा परतले ते साडेपाच वाजता, घामाघूम पण खूश. त्यांनी कॅरियरवरची दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवला तो आत्याचा पाटा. दगडी. चटणी वाटायचा.

"काय सुंदर टाकी लावलीय बघ," मामा म्हणाले. "वॉचमनने चिठ्ठी वाचली, पाटा बघितला आणि समोर झाडाखाली छिन्नी-हातोडा घेऊन बसलेली टाकीवाली दाखवली. लग्न आहे म्हटल्यावर तिने मधोमध मासाही काढून दिला."

खरोखरच मासा होता. खवल्यांसकट.

मी भिंतीकडे बघितलं. गाडीचा पाटा, तारेने बांधलेल्या बुशसह, आपल्या जागी उभा होता. त्याच्या शेजारची जागा मात्र रिकामी होती. आत्याने दुपारी दगडी पाटा वाळत ठेवला होता तो तिथेच.

"मामा, अहो, मी हा पाटा म्हणालो होतो."

मामांनी लोखंडी कमानीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा पाटा?" ते प्रांजळपणे म्हणाले. "याच्यावर वाटणार कसं?"

आत्या बाहेर आली. तिने पाट्यावरून तळहात फिरवला आणि माझ्याशी दिवसभरात पहिल्यांदा गोड आवाजात बोलली, "चार वर्षं सांगत होते याला टाकी लावून आणा म्हणून. शहाणा आहेस हो."

पाच वाजता फिटरांची पाळी सुटलेली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे आमच्या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. (कोणतं मशीन कधी बंद असतं हे तोंडपाठ असण्याचा हा एक तोटा. आशा ठेवायला जागाच उरत नाही.)

शुक्रवारी सकाळी तिसरा बुश फाटला.

त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण अण्णांनी तो ऐकला. ते ओट्यावर बसून पाहुण्यांच्या याद्या तपासत होते. उठले, हातात फडकं घेतलं आणि विटांवर उभी असलेली ती लंगडी गाडी बॉनेटपासून पुसायला लागले. मला वाटलं होतं की ओरडतील. ओरडले असते तर मी उलट काहीतरी बोलून मोकळा झालो असतो. पूर्ण गाडी पुसून झाल्यावर फडकं पिळत ते म्हणाले, "टॅक्सी सांगून ठेव."

एवढंच. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, शाळेत त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच विषयात नापास झालो तेव्हासुद्धा नाही.

सुधा दारात उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, मी बैलगाडीतूनपण जाईन रे. मला काहीच नाही त्याचं. पण अण्णांना काय सांगायचं ते तू बघ."

मी काय बघणार होतो? एक बुश शिल्लक होता. बुश मोठा असेल तर भोक मोठं करावं, अशा विचाराने मी कानस घेतली आणि हातोडाही घेतला.

त्याच वेळी मांडवात बांगड्या भरायला चंद्राकाकी आली होती. ही ठाण्याच्या बाजारातली कासारीण. साठीची, काटकुळी, तोंडात कायम लवंग. आमच्या आईला तिनेच बांगड्या भरलेल्या. ती पाटावर बसली, टोपलीवरचं फडकं दूर केलं, शेजारी वाटीत रिठ्याचा फेस काढला आणि सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. सुधाला हिरवा चुडा भरून झाला. मग आत्याची पाळी आली.

आत्याने आधीच हात मागे घेतला. "मला नको गं. माझ्या हाताला यातली एक जायची नाही."

खरंच होतं ते. आत्याचा पंजा चांगला रुंद, आणि चाळीस वर्षं भाकऱ्या थापून कडक झालेला. काकीने तो हातात घेऊन नुसता चेपून बघितला.

"बांगडी जात नसते, भरायची असते," काकी म्हणाली. "माहेर कुठलं तुमचं?"

"देवरुख."

"घरची आमराई असंल."

"होती ना," आत्या म्हणाली, आणि सुरू झाली. दाराशी रायवळ आंबा कसा होता, त्याच्यावर भाऊबंदांत भांडण कसं झालं, तो शेवटी कुणी तोडला. भांडण कोर्टात पोचेपर्यंत आत्याच्या मनगटात डझनभर बांगड्या होत्या. तिला कळलंसुद्धा नाही. मी हे मांडवाबाहेरून बघत होतो आणि बघता बघता कमानीच्या भोकावर घाव घालत होतो.

मांडवातून किण्ण असा आवाज आला. काकी तरातरा बाहेर आली.

"कोण ठोकतंय? टोपली हादरतेय माझी. एक बांगडी वाढली ना."

"फुटली?" मी विचारलं.

मांडवातल्या सगळ्या बायकांनी एकदम तोंडावर हात ठेवला. आत्या मांडवाच्या तोंडाशी येऊन कडाडली, "लग्नघरात फुटली म्हणतोस? बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडतो का आपण? वाढवतो. एवढं वय झालं तुझं."

"मग माझे तीन बुश वाढलेत," मी म्हणालो. माझ्या आवाजात रडू होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काकी खाली बसली. आत्याने तिला सगळी हकीकत सांगितली, अण्णांच्या सायकलपासून टॅक्सीपर्यंत. काकीने शेवटचा बुश उचलला आणि आत्याचा हात चेपला होता तसाच चेपून बघितला, अंगठ्याने एकीकडून, बोटांनी दुसरीकडून. मग भोकात दोन बोटं घालून माप घेतलं.

"हा तर मऊ आहे," ती म्हणाली. "कडक तू आहेस."

मग तिने हुकूम सोडायला सुरुवात केली, आणि आत्यासकट सगळे ऐकायला लागले. "ही तुमची कमान जमिनीवर सरकतेय. खाली खरखरीत काय आहे?"

"पाटा आहे," मामा ताबडतोब म्हणाले. "कालच टाकी लावलीय."

दगडी पाटा अंगणात आला. त्याच्यावर लोखंडी पाटा आडवा ठेवला. ताज्या टाकीवर तो असा घट्ट बसला की तसूभर हलेना. (मामांनी माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.) काकीने बुश रिठ्याच्या फेसात बुडवला, कमरेचा गुळगुळीत रेशमी रुमाल काढून त्याच्या एका अंगाला गुंडाळला आणि तो भोकावर ठेवला, पण सरळ नाही, तिरका.

"सरळ कुणी घालतं का? हात आत घालताना आधी करंगळीची बाजू जाते, अंगठा मागनं येतो. ह्याची एक कड आधी दुमडून जाऊ दे. मास्तर, तुम्ही वरवंटा घ्या. ठोकायचं नाही, नुसतं वजन टाकायचं. आणि तू," ती मला म्हणाली, "दोन्ही हातांनी हा धर."

अण्णा धोतर सावरून खाली बसले. मी बुश धरला. जीव खाऊन धरला. डोळ्यांसमोर टॅक्सी दिसत होती. बुश अर्धा आत गेला आणि थांबला. अण्णा वरून दाबतायत, मी खालून आवळतोय, घाम टपटपतोय, बुश ढिम्म.

"सैल सोड," काकी म्हणाली.

"सैलच आहे," मी दात आवळून म्हणालो.

काकीने लवंग या गालातून त्या गालात घेतली. "बहिणीचं तर झालं. तुला मुलगी कशी पाहिजे रे?"

"अं?"

मांडवातल्या बावीस बायका माझ्याकडे बघत होत्या. सुधा बघत होती. वरवंट्याच्या पलीकडून अण्णाही बघत होते. माझे कान तापले, तोंड उघडं पडलं आणि हात आपोआप ढिले झाले. तेवढ्यात काकीने मनगट असं जरासं फिरवलं, रुमाल एका झटक्यात ओढून घेतला, आणि पक् असा आवाज झाला.

बुश आत होता. दोन्ही बाजूंनी सारखा, जन्मल्यापासून तिथेच असल्यासारखा.

मग अण्णांनी वरवंटा खाली ठेवला आणि हात जोडले. माझ्या वडिलांना मी देवाव्यतिरिक्त कुणाला हात जोडताना पाहिलं नव्हतं. मी तर वाकून काकीच्या पायाच पडलो. त्यात नाटक नव्हतं. दोन दिवस मी त्या रबराशी कुस्ती खेळत होतो, आणि या बाईने त्याला हातात घेऊन आधी त्याचा स्वभाव ओळखला होता. आयुष्यात मी पुष्कळ इंजिनीयर बघितले, पण तिच्यासारखा हात पुन्हा बघितला नाही.

"उठ रे," काकी म्हणाली. "ज्याचा हात कडक, त्याचीच बांगडी वाढते. लक्षात ठेव." आणि रुमाल झटकून उरलेल्या बायकांना बांगड्या भरायला गेली.

दिवेलागणीच्या आत आम्ही पाटा जागेवर चढवला आणि गाडी विटांवरून खाली आणली. आत्याने दगडी पाटा चार वेळा धुतला, नव्या टाकीची कच जावी म्हणून आधी त्याच्यावर तांदूळ वाटून काढले आणि मग पुरण वाटलं. तरी रात्री जेवताना एका पाहुण्यांना पुरणपोळीला किंचित टायरचा वास आला. आत्याने त्यांना जायफळ आहे म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी मी गाडी काढली. पुढे माझ्या शेजारी अण्णा, मागे सुधा आणि आत्या, आणि बाकीचं वऱ्हाड मागून बसने. मला स्टिअरिंग सोडून गाडीतल्या कशालाही हात लावायला आत्याने शपथ घालून मनाई केलेली. ठाणं मागे पडलं. मुंब्र्याच्या अलीकडे तो खड्डा आला, ज्यात आम्ही दर वेळी माळ्यावरची पेटी टाकायचो. अण्णांनी डोळे मिटून घेतले. मागचं डावं चाक खड्ड्यात उतरलं आणि वर आलं.

नुसत्या बांगड्या वाजल्या. सुधाच्या.

"आवाज नाही," अण्णा म्हणाले. शीळफाट्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मागे न वळता म्हणाले, "सुधा, आलीस हो माझ्या गाडीतून."

"हो अण्णा," सुधा म्हणाली. आत्याने तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मला समोरचा रस्ता अस्पष्ट दिसायला लागला, पण मनाई असल्यामुळे मी डोळ्यांनाही हात लावला नाही.

डोंबिवलीत कार्यालयासमोर सनई चालू होती. व्याही, विहीणबाई, त्यांच्याकडच्या मुली गुलाबदाण्या घेऊन रांगेत उभ्या. मी गाडी अगदी पायरीशी, आवाज न करता उभी केली. अण्णा उतरून ताठ उभे राहिले. त्यांना तसं ताठ उभं राहिलेलं पाहून मला इतका आनंद झाला, की आत्याची शपथ, काकीचा उपदेश, सगळं विसरून मी धावत सुधाच्या बाजूला गेलो आणि ऐटीत दाराचं हँडल ओढलं.

दार बंदच राहिलं. हँडल माझ्या हातात होतं.

सनईवाला थांबला. व्याही माझ्या हाताकडे बघत होते. आतून आत्याचा आवाज आला, "काय रे? काय झालं?"

मी आजूबाजूला बघितलं. लग्नघर होतं. शब्द जपून वापरायला मी कालच शिकलो होतो.

"काही नाही आत्या," मी म्हणालो. "हँडल वाढलं."

तेवढ्यात गुलाबदाणीवाल्या मुलींच्या रांगेतून एक जण फस्सकन हसली. तिच्या हातातलं गुलाबपाणी व्याह्यांच्या टोपीवर सांडलं. सुधा दुसऱ्या बाजूच्या दाराने उतरली, मुहूर्त टळला नाही, आणि ती हसणारी मुलगी नवरदेवाची मावसबहीण निघाली. 'मुलगी कशी पाहिजे' या काकीच्या प्रश्नाचं उत्तर मला अशा रीतीने दुसऱ्याच दिवशी मिळालं. पुढच्या वर्षी काकीने तिलाही चुडा भरला.

आता इतकी वर्षं झाली. गाडी गेली, अण्णा गेले, अंगणाच्या जागी इमारत आली. तो मासा काढलेला पाटा मात्र अजून आमच्या बाल्कनीत आहे. मी अजूनही रविवारी मिक्सर, नळ, पंखा, मिळेल ते उघडून बसतो. दुपारचा एक वाजला की बायको स्वयंपाकघराच्या दारात येते, माझ्या भोवतीचा पसारा बघते आणि शांतपणे विचारते,

"मी वाढू, की तुमचं वाढवून व्हायचंय अजून?"